विद्यापीठाची इर्जिक

चैत्र लागला की आमच्याकडं दोन वास एकदम यायचे. एक कडुनिंबाच्या मोहराचा, पहाटेच्या गारव्यात अंगावर येणारा. दुसरा नांगरलेल्या कोरड्या रानाचा. पहिला अजून येतो. दुसरा आता नाकाला येत नाही, आठवला तरच येतो. गंगापूर रोडचं शहर सरकत सरकत आमच्या मळ्याच्या बांधाला येऊन टेकलं, आणि जिथं नांगर चालायचे तिथं बंगल्यांच्या गच्चीवर काळ्या टाक्या बसल्या.

आज सकाळी काठी टेकत विद्यापीठाच्या आवारात गेलो. परीक्षेचा हंगाम. निंबांखाली पोरं-पोरी बसलेली. कोणी पुस्तक पोटाशी धरून फेऱ्या मारतंय, ओठ हलतायत, आवाज नाही. एक पोरगी डोळे मिटून पाठ म्हणत होती. तिच्या केसांत मोहराची बारीक फुलं पडलेली, तिला पत्ता नाही. मला वाटलं, हंगाम तोच आहे. आम्ही चैत्रात रान उघडं करून उन्हात तापवायचो, ही पोरं डोकं तापवतात. काय उगवतं ते पाऊस झाल्यावर बघायचं.

मी स्वतः चौथी शिकलो. हे लाजून सांगत नाही आणि मिरवतही नाही. आमच्या वेळी चौथीवाल्याला लोक कागद वाचायला घरी बोलवायचे आणि चहा पाजायचे. हा लेखही मीच लिहितो आहे. माझी सून सुमन फक्त ऱ्हस्व-दीर्घ बघणार आहे. तिला बजावून ठेवलंय, की बाई, वेलांटीला हात लाव, शब्दाला लावू नको.

सुमन आमच्या घरात आली त्यालाही या विद्यापीठाचंच कारण.

तिचं माहेर सटाण्याच्या पलीकडं. वडील प्राथमिक शाळेत गुरुजी. नव्वद साल उलटून काही वर्षं झाली होती तेव्हा आम्ही दत्तूसाठी तिला बघायला गेलो. दत्तू माझा एकुलता एक. सातपूरला कारखान्यात पाळीवर जायचा आणि उरलेल्या वेळात मोगऱ्याला पाणी द्यायचा. गुरुजी सरळ माणूस. पोहे यायच्या आधीच म्हणाले, "पोरगी बी.ए. झाली आहे. तिला पुढं शिकायचंय. सासरी जमणार असंल तर पुढं बोलू, नाय तर पोहे खाऊन निघा, राग नाय."

माझ्यातला ताठा जागा झाला. मी म्हणालो, "गुरुजी, आमच्या दारात विद्यापीठ आहे, दारात! तुमची मुलगी घरून गरम भाकरी खाऊन एम.ए. करील."

बैठकीत सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. दत्तूच्या आईनं जास्तच बघितलं.

मी खोटं बोललो नव्हतो. विद्यापीठ दारातच होतं. माझ्या ऐन उमेदीत आमच्या शिवारातली जमीन त्यांनी घेतली होती, त्यात माझा बाभळीचा तुकडाही गेला होता. तिथं एक दगडी इमारत उभी राहिली, पाटी लागली, फाटक बसलं. दोन-तीन वर्षं काही वर्ग चालले. मग काय झालं कोण जाणे, वर्ग बंद झाले आणि इमारतीला कुलूप लागलं. फाटकालाही कुलूप होतं, पण फाटकाशेजारची भिंतच पडलेली होती. तिथून शेळ्या जायच्या, म्हशी जायच्या, आम्हीही जायचो. वेड्या बाभळी माजल्या. गाजरगवत छातीला लागायचं. पाटीवरची अक्षरं गंजून खाली ओघळली होती. एवढं सगळं मी गुरुजींना सांगितलं नाही. त्यांनी विचारलंच नव्हतं.

लग्न झालं. पहिल्याच आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गुरुजी लेकीला न्यायला आले. त्यांच्याकडं आखाजीला लेक माहेरी गेलीच पाहिजे. लेकीच्या सासरी पाय टाकताच, तिला भेटायच्या आधी ते पडक्या भिंतीपाशी गेले. काटे बघितले, कुलूप बघितलं. परत येऊन पाणी प्यायले आणि त्यांच्या अहिराणीत म्हणाले, "काय याही, तुमनं विद्यापीठ शे का?"

याही म्हणजे व्याही, आणि शे म्हणजे आहे. मी म्हणालो, "शे ना! उघडायचं तेवढं राहिलंय."

ते हसले. राग नव्हता त्यांच्या हसण्यात, म्हणूनच ते मला लागलं. मग दर आखाजीला हेच. गुरुजी यायचे, पाणी प्यायचे, मिशीतल्या मिशीत हसत विचारायचे, "शे का?" आणि मी दर वर्षी तेवढ्याच ताठ मानेनं सांगायचो, "शे."

दत्तू मला म्हणायचा, "आबा, शहरात वर्ग आहेत. सीबीएसच्या स्टँडपर्यंत बस आहे. जाऊ द्या ना तिला."

मी म्हणायचो, "मी दारातल्या विद्यापीठाचा शब्द दिलाय. बसचा नाही."

"शब्द तुमचा हाय आबा, पण वर्षं तिची चाललीत."

पोरगा कमी बोलायचा, पण बोलला की खिळा ठोकल्यासारखं बोलायचा.  पहाटे सुमन आणि मी मोगऱ्याच्या कळ्या खुडायचो. फुलबाजाराला कळी मिटलेली लागते, ऊन लागायच्या आत खुडावी लागते. ती ओणवी होऊन भराभर खुडायची आणि मधेच कंबर सरळ करताना पडक्या भिंतीकडं बघायची. तेवढं बघणं मला पुरायचं. दिवसभर पुरायचं.

अशी चार-पाच वर्षं गेली असतील. एका चैत्रात भिंतीपलीकडं माणसं दिसली. तिपाईवर दुर्बिणीसारखं यंत्र, टेप, फक्कीची पोती. त्यांच्यात एक बाई होत्या. पन्नाशीच्या, सुती साडी, पायात बूट, डोक्याला पुरुषासारखा रुमाल बांधलेला. त्या बर्वे मॅडम. या जागेचं पुढं काय करायचं याचा आराखडा करायचं काम विद्यापीठानं त्यांच्याकडं दिलं होतं.

मी भिंतीवरूनच विचारलं, "काय, विकायला काढलं का?"

मॅडम म्हणाल्या, "विकू नये म्हणूनच आलेय. तुम्ही कोण?"

"मी तुम्ही उभ्या आहात त्या तुकड्याचा जुना मालक."

"मग आत या की, बाहेर का उभे?"

मला ती बाई आवडली. त्यांनी सांगितलं ते असं. वरच्या समितीत दोन मतं होती. काहींचं म्हणणं, ही जागा आडबाजूला, उजाड, इथं कोण शिकायला येणार. ती सोडून द्यावी आणि शहरात खोल्या घेऊन काय ते चालवावं. मॅडमचं म्हणणं, जागा हीच ठेवावी आणि नीट बांधावी. समिती आखाजीच्या आधी स्वतः बघायला येणार होती. तोवर मॅडमना जमिनीवर आखून दाखवायचं होतं, ग्रंथालय कुठं, वर्ग कुठं, मुलींचं वसतिगृह कुठं.

मग त्यांनी आम्हा आसपासच्या मळेकऱ्यांना नकाशा दाखवायला बोलावलं. दगडी इमारतीच्या पायरीवर कागद पसरला, चार कोपऱ्यांवर चार दगड. आम्ही वाकून बघत होतो. आमचे शेजारी कचरूनाना, ज्यांच्याकडं घोटीच्या बाजारातून आणलेली डांगी बैलांची देखणी जोडी होती, ते बराच वेळ बघून म्हणाले, "मॅडम, ह्यात आमची पाणंद कुठं हाय?"

"ही बघा, ठेवलीय. वसतिगृहाच्या मागून."

"मुलींच्या वसतिगृहामागून आम्ही बैल घेऊन जायचं? चांगलं दिसंल का ते?"

सगळे हसले. मॅडमनी पेन्सिल काढून पाणंद सरकवली. मग मी माझं घोडं पुढं दामटलं. "ते सगळं होईल तेव्हा होईल. आधी एम.ए.चा वर्ग सुरू करा. ही दगडी इमारत आहे ना, हिचं कुलूप काढा."

"आबा, आधी आराखडा मंजूर होऊ द्या. जागा राहिली तर वर्ग."

"आम्ही आधी पेरतो, मग खळं करतो."

मॅडमनी माझ्याकडं चष्म्यावरून बघितलं. "आणि रानच तुमचं राहिलं नाही तर पेरणार कुठं?"

कचरूनानांनी माझ्या पाठीत थाप मारली. "बस आता खाली. भेटली तुला जोडीची."

पुढचे दिवस मला फार लख्ख आठवतात. काट्यांतून वाटा काढून त्या माणसांनी जमिनीवर फक्कीच्या पांढऱ्या रेघा मारल्या, कोपऱ्या-कोपऱ्याला लाकडी खुंट्या ठोकल्या. खुंट्यांची डोकी लाल रंगानं रंगवलेली. कळ्या खुडून झाल्या की सुमन टोपली बांधावर ठेवायची आणि हळूच त्या रेघांमध्ये शिरायची. मी मोगऱ्यातून बघायचो. ती रेघेवर पाय देत नसे. दरवाजाची जागा मोकळी सोडलेली असायची, तिथूनच आत जायची. एका जागी थांबायची. तोंड उगवतीकडं. पदर वाऱ्यानं उडायचा. माझ्या सुनेला मी पहिल्यांदा मोकळी उभी राहिलेली तिथं बघितली, बिनभिंतीच्या, बिनछपराच्या खोलीत.

एकदा मी विचारलं, "ती कुठली खोली गं?"

ती दचकली. मग म्हणाली, "मॅडमना विचारलं मी आबा. मराठीचा वर्ग."

घरी येऊन मी दत्तूच्या आईला म्हणालो, "मी विद्यापीठाची इर्जिक घालणार."

शहरात वाढलेल्या वाचकाला सांगतो. इर्जिक म्हणजे एकाच्या रानात सगळ्या गावाचे नांगर. ज्याचं काम अडलं असेल त्यानं घरोघर जाऊन हात जोडायचे, म्हणायचं, अमक्या दिवशी माझ्याकडं या. लोक आपापले बैल, आपापले नांगर घेऊन येतात. मजुरी नाही. संध्याकाळी पोटभर पुरणपोळी, आणि पुढं त्यांच्याकडं काम निघालं की आपण जायचं. हलगी वाजते, बैलांच्या शिंगांना गोंडे लागतात, कोणाचा तास, म्हणजे नांगराची रेघ, सरळ जातो यावर पैजा लागतात. मला काट्यांत लपलेली ती जमीन समितीच्या डोळ्यांपुढं उघडी करून ठेवायची होती. काळी, सपाट, स्वच्छ. कोण म्हणतंय उजाड, तेच बघायचं होतं.

दत्तूची आई म्हणाली, "विद्यापीठाची इर्जिक, आन् डाळ माझी?"

"शब्द माझा आहे."

"शब्दाचं पुरण होत नाय."

पण तिनं त्याच दिवशी डाळ निवडायला घेतली. ती अशीच होती. आधी बोलणार आणि मग माझ्यापेक्षा दोन पावलं पुढं चालणार.

तोवर आमच्याकडं बैल कमी झाले होते. ट्रॅक्टर सांगितला की येत होता. पण ट्रॅक्टरला हात जोडून बोलावता येत नाही. मी दारोदार फिरलो. म्हातारे म्हणाले, येतो. तरुण म्हणाले, विद्यापीठाचं काम आपण का करायचं? मी म्हणालो, जमीन दिली तेव्हा नव्हतं विचारलं ते? मग तेही आले. समिती येणार त्याच्या आदल्या दिवशी सकाळी पडक्या भिंतीतून एकामागं एक नांगर आत शिरले. पुढं कचरूनानांची डांगी जोडी, काळी-पांढरी. बाभळी आधी तोडून बाजूला ओढलेल्या. हलगीवर थाप पडली.

नांगराचा फाळ त्या रानात किती वर्षांनी गेला होता! पहिली ढेकळं उलटली तेव्हा जो वास आला तो मला सांगता येणार नाही. पेटी उघडल्यावर आईच्या लुगड्याचा यावा, तसा काहीसा. माझा बाभळीचा तुकडा मला ओळख देत होता. मी चप्पल काढून नांगरामागं चालत राहिलो.

कचरूनाना ओरडले, "आबा, ह्या खुंट्यांचं काय? फाळ आडकतोय!"

मी म्हणालो, "उपटा आणि बांधावर नीट ठेवा. परक्याची वस्तू आहे, मोडू नका."

आमच्याकडं हद्द दगडाची असते. दगड कोणी हलवला तर डोकी फुटतात. लाकडाची खुंटी आम्हाला माहीत ती म्हैस बांधायची. आज इथं, उद्या तिथं. नांगरट झाली की परत ठोकता येतील, एवढंच डोक्यात. आम्ही त्या खुंट्या इतक्या जपून उपटल्या, माती झटकली, बांधावर रचून ठेवल्या. पांढऱ्या रेघा तर नांगराखाली कधी गेल्या ते कोणाला कळलंसुद्धा नाही. आणि दुपारी आमच्याच बांधावर तीन दगडांच्या चुलींवर पुरण शिजत होतं, तेव्हा दत्तूच्या आईला बांधावर वाळक्या, सरळ, हाताएवढ्या लाकडांची रास दिसली. बाभळीची ओली फांदी धूर करते. तिनं ती रास चुलीत घातली.

दिवसभर समितीच्या तयारीसाठी शहरात असलेल्या बर्वे मॅडम ऊन उतरताना आल्या. आम्ही सगळे हातपाय धुऊन ऐटीत उभे. पुढं काळंभोर रान, एक काटा नाही. मी वाटच बघत होतो, बाई आता काय म्हणते.

 त्यांनी रानाकडं बघितलं, मग हातातल्या कागदाकडं, मग परत रानाकडं. "खुंट्या?" एवढंच विचारलं.

कचरूनानांनी बांधाकडं बोट दाखवलं. बांधावर काही नव्हतं. मग सगळ्यांचं लक्ष चुलीकडं गेलं. एक लाल डोक्याची खुंटी अजून अर्धी बाहेर होती.

मॅडम ढेकळावर मटकन खाली बसल्या. "यंत्रवाले गेले परत," त्या म्हणाल्या. "आखाजी झाल्याशिवाय येणार नाहीत. उद्या सकाळी समिती आहे. मी त्यांना काय दाखवू? ढेकळं?"

मी म्हणालो, "जमीन दाखवा. काल जमीन तरी दिसत होती का?"

"आबा, जमीन असते हो सगळीकडं! इथं विद्यापीठ आहे हे त्यांना दिसायला पाहिजे होतं!"

असं मला कोणी रागावून बोललं की मी दुप्पट बोलतो. त्या दिवशी काढून ठेवलेल्या चपला शोधायला लागलो. पण मी आजही म्हणतो, नांगरट बरोबरच होती. काट्यांत उभं राहून कोणाला पुढचं दिसलं नसतं. मला वाईट वाटलं ते सुमनकडं बघून. ती पुरणपोळीचं ताट घेऊन मॅडमकडं निघाली होती आणि रानाच्या मधोमध थांबली होती. तिची खोली तिला सापडत नव्हती.

मॅडमनी ताट घेतलं नाही. म्हणाल्या, "मला भूक नाही."

तेव्हा दत्तूची आई चुलीपुढून उठली. हाताला पीठ, कपाळावर धुराचा काळा पट्टा. मॅडमपुढं जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, खुंट्या मी जाळल्या. तर मग मी उभी राहते. सांगा, कुठं उभं राहायचं?"

मॅडमना कळेना.

"अवो, लाकडाच्याच लागतात का? आम्ही काय खुंट्यांपरीस कमी हाय का? उद्या येऊ आन् उभं राहू. तुमचे साहेब जाईपर्यंत हलणार नाय."

कचरूनाना म्हणाले, "वहिनी, खुंटी गप्प असते. तुम्हाला जमंल का?"

एवढा हशा झाला की बैल बुजले. मॅडम हसता हसता डोळे पुसायला लागल्या. मग त्यांनी ताट ओढून घेतलं आणि दोन पोळ्या खाल्ल्या.

सकाळी आम्ही कळ्या खुडल्याच नाहीत. त्या दिवशी बाजारात आमचा मोगरा गेला नाही. मॅडमनी कागद बघत टेप धरली, दत्तूनं दुसरं टोक धरलं. तो रात्रपाळी करून थेट आला होता. एकेक माणूस जागेवर उभं राहत गेलं. ग्रंथालयाचे चार कोपरे: त्यातला उगवतीचा मी. मुख्य दरवाजा: एका बाजूला कचरूनाना, दुसऱ्या बाजूला त्यांचा भाऊ. दोघांचं वर्षभर बोलणं नव्हतं, पण दरवाज्याला दोन्ही बाजू लागतात. वसतिगृहाचा कोपरा दत्तूची आई, डोक्यावर पदर, कमरेवर हात, अशी उभी की एखाद्या पोराची आत पाऊल टाकायची छाती होऊ नये. आणि मराठीच्या वर्गात सुमन. तिचं तोंड उगवतीकडं.

समिती उशिरा आली. ऊन चढलं होतं. ढेकळांतून वाफ निघत होती. घाम पाठीवरून उतरत होता, पण कोणी हललं नाही. कुठं कोपऱ्यावर म्हातारी, कुठं वळणावर तरणा गडी. कोणी खोकायचं तेवढाच आवाज. मला तेव्हा वाटत होतं की आमच्या मधून खरंच भिंती गेल्या आहेत. माझ्या खांद्यापासून निघून पलीकडच्या कोपऱ्याच्या खांद्यापर्यंत काही तरी ताणलेलं आहे. मी वाकलो तर ते पडेल.

गाडीतून चौघे उतरले. पुढचे साहेब जाड चष्म्याचे, हातात छत्री. ते म्हणाले, "ही एवढी माणसं कशाला?"

मॅडम म्हणाल्या, "ही इमारत आहे सर."

त्या पुढं चालायला लागल्या. हे ग्रंथालय, हा वाचनकक्ष, इथून जिना. साहेब आधी इकडं तिकडं बघत होते. मग बघता बघता त्यांची चाल बदलली. ग्रंथालयातून वर्गांकडं जायचं होतं. सरळ गेले असते तर माझ्या शेजारून गेले असते, मधे काहीच नव्हतं, मोकळं रान. पण ते माझ्याजवळ येऊन थबकले, वळले, लांबून फिरून कचरूनाना आणि त्यांच्या भावाच्या मधून, दरवाजातून बाहेर पडले.

तेव्हाच मला कळलं की विद्यापीठ कुठं जात नाही. त्या माणसाला भिंत दिसली होती.

ते सुमनपाशी थांबले. "तुम्ही काय आहात?"

सुमन म्हणाली, "मराठीच्या एम.ए.चा वर्ग."

"आणि विद्यार्थी?"

"तीपण मीच."

साहेबांनी छत्री मिटली. तेवढ्या उन्हात. का मिटली ते मला अजून कळलेलं नाही, पण वर्गात छत्री उघडी ठेवत नाहीत, एवढं मला चौथीतही माहीत होतं.

चारच दिवसांनी गुरुजी लेकीला न्यायला आले. नेहमीचं विचारलं. त्या वर्षी मी 'शे' म्हणालो नाही. म्हणालो, "गुरुजी, पुढच्या आखाजीला विचारा." त्यांनी माझ्याकडं जरा निरखून बघितलं आणि पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

निरोप यायला आषाढ उजाडला. जागा ठेवायची ठरली. बांधकाम व्हायला काळ लागणार होता, पण दगडी इमारतीचं कुलूप काढून दोन वर्ग लगेच सुरू केले. मॅडम मला म्हणाल्या, "घ्या आबा, तुमचंही खरं आणि माझंही खरं." पहिल्या दिवशी सुमननं डबा घेतला नाही. घर हाकेच्या अंतरावर, डबा कशाला? पण मी गुरुजींना गरम भाकरी सांगितली होती. दुपारच्या सुट्टीत ती घरी आली तेव्हा दत्तूची आई तव्यापाशी बसलेली होती, आणि भाकरी गरम आहे ना ते बघायला आत गेलेल्या मला तिनं बाहेर पिटाळलं.

पुढच्या आखाजीला गुरुजी आले तेव्हा सुमन घरात नव्हती. तिचा पेपर होता. मी त्यांना पाणी दिलं, ते त्यांनी घेतलं नाही. सरळ आवारात गेले. मी मागून. निंबाखाली आम्ही दोघे व्याही बसलो. मोहर सरून निंबोळ्या धरल्या होत्या. खिडकीतून पंख्याची घरघर आणि कागदांची सळसळ. त्या शांततेला मी कान देऊन बसलो होतो. माझ्या रानात एवढं शांत पीक मी कधी घेतलं नव्हतं.

घंटा झाली. मुलं बाहेर आली, सुमन आली, बोटांना शाई. बापाला बघून पळतच आली. गुरुजींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तसेच आत गेले. रिकाम्या वर्गात मागच्या बाकावर बसले. बाकावरून तळवा फिरवला, जसा मी बैलाच्या पाठीवरून फिरवायचो. मी दारात उभा होतो. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं.

"याही," ते म्हणाले, "शे."

त्यानंतर त्यांनी ते कधी विचारलं नाही.

आता गुरुजी नाहीत. कचरूनानांची जोडी पुढच्याच वर्षी गेली, आमच्या भागातली ती शेवटची इर्जिक. इमारती उभ्या राहिल्या त्या हळूहळू, वर्षानुवर्षं लावून, आणि सगळ्याच कागदाप्रमाणं नाहीत. वसतिगृह आम्ही उभं केलं होतं तिथून बरंच लांब गेलं. दत्तूची आई अजून म्हणते, मी उगाच उन्हात उभी राहिले. पाणंदीचा रस्ता झाला, त्यावरून मोटारसायकली जातात. अजून पाण्याचा नळ एका जागी गळतो आणि मागच्या बाजूला गाजरगवत डोकं काढतं. मी रखवालदाराला रोज सांगतो आणि तो रोज हो म्हणतो. सुमन सातपूरच्या शाळेत मराठी शिकवते. तिची मुलगी या वर्षी इथंच परीक्षेला बसली आहे. तिला हे सगळं सांगितलं तर ती म्हणते, आबा, तुम्ही थोडं वाढवून सांगता.

पण ग्रंथालय जागचं हललं नाही. उगवतीचा कोपरा अगदी तिथंच आहे. दगडी, कातीव. आज पोरं पेपराला आत गेल्यावर मी तिथं जाऊन पाठ टेकली. रखवालदार नवीन आहे. म्हणाला, "बाबा, कोणाला भेटायचंय?"

मी म्हणालो, "कोणाला नाही. मी इथलाच आहे."

तो गेला. आत शेकडो माना खाली, वर निंबाचा मोहर पडतोय, आणि दगड सकाळच्या उन्हानं कोमट झालेला. मी मागं हात नेऊन त्यावर तळवा ठेवला. ताठ उभा राहिलो, त्या दिवशी राहिलो होतो तसा. आणि गुरुजींना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणालो, "शे."